चार नंबरचा पत्ता

९ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

फोनवर विचारलं असतं तर तिसऱ्या वाक्याला ‘हो गं आत्या’ म्हणून तू मोकळी झाली असतीस. शिवाय आमच्या वॉर्डात तोंडी सूचना घेत नाहीत. एकतीस वर्षांत मी घेतलेली नाही, तुझ्यासाठीही घेणार नाही. म्हणून पत्र. उत्तरही पत्रानेच दे.

आमच्या बारा पलंगांशी बारा नवे मॉनिटर आले आहेत. पेशंटचा श्वास, नाडी, ऑक्सिजन सगळं काउंटरवरच्या मोठ्या पडद्यावर दिसतं. बारा पलंग, बारा चौकोन. गेल्या मंगळवारी सहा नंबरचा अलार्म नऊच्या चौकोनात वाजला. सहाची बाई घुसमटत होती आणि आम्ही तिघी नऊच्या घोरणाऱ्या गृहस्थांना गदागदा हलवत होतो. त्यांनी आम्हाला शिव्या घातल्या. हसू नकोस. बाई वाचली, पण तीन मिनिटं उशिराने.

तंत्रज्ञ म्हणतो, प्रत्येक मॉनिटरला एक लांबलचक पत्ता असतो आणि तो मॉनिटर स्वतःच बनवतो. स्वतःचा पत्ता स्वतः बनवणारं यंत्र आणि स्वतःचे मार्क स्वतः देणारा विद्यार्थी, दोघांवरही माझा विश्वास नाही. मला पक्की यादी हवी आहे: हा पत्ता म्हणजे हा पलंग. यादीत नसलेल्या पत्त्याचं काउंटरने ऐकायचंच नाही.

तू ज्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम करतेस तीच या मॉनिटरांत आहे, आणि तुझा विभागही नेटवर्कचा. तेव्हा तूच सांग. हा पत्ता कायम राहतो की नाही? हो किंवा नाही. खाली सही.

दादा बरा आहे. गुडघ्याची तक्रार करतो आणि चालत मात्र नाही.

तुझी आत्या


१७ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. तुझा लिफाफा ऑफिसात फोडला. शेजारच्याने विचारलं, “कोर्टाची नोटीस आली की काय?” म्हटलं, “त्याच्या वरची. आत्या आहे.”

तुझं ते यंत्र मनाला येईल तसा पत्ता बनवत नाही. त्याच्याकडे तीन गोष्टी असतात. पहिल्या दिवशी ठरलेलं एक गुपित, ते कुठल्या नेटवर्कमध्ये आहे ते, आणि कुठल्या जोडणीतून आत आलंय ते. ही तिन्ही एकत्र दळायची. या दळण्याला आम्ही हॅश म्हणतो. चक्कीच समज, पण अशी, की पीठ पाहून कुणाला धान्य ओळखता येऊ नये. म्हणजे पत्त्यावरून यंत्राचा माग काढता येत नाही. आणि धान्य तेच असेल तर पीठ दरवेळी कणाकणाने तेच पडतं. बंद करून चालू कर, महिनाभर कपाटात ठेव, पत्ता तोच.

तुला एक शब्द हवा ना? घे: कायम. मॉनिटर मोडीत जाईपर्यंत कायम. कर तुझी यादी बिनधास्त.

ही सही. शिक्का नाही माझ्याकडे, नाहीतर तोही मारला असता.

भिंगरी


२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

पत्र मिळालं. वॉर्डाच्या सूचनांच्या फाईलला लावलं, पान सत्तेचाळीस. वर लाल शाईने ‘मॉनिटरचे पत्ते: कायम’ लिहिलं.

यादी झाली. प्रत्येक मॉनिटरच्या डोक्यावर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पत्ता मी स्वतः लिहिला आहे. बारा पट्ट्या लिहायला पाऊण तास गेला. तुमच्या पत्त्यांना ना अर्थ ना चाल, निम्मे आकडे, निम्मी अक्षरं. पण आता अलार्म चुकीच्या चौकोनात जाणार नाही. यादीबाहेरचं काउंटरला ऐकूच येत नाही.

सर्वांत जास्त आनंद आमच्या चिमणीला झाला. दुपारी काउंटरवर ती असते. तीन मुलांची आई आहे, पण आवाजामुळे चिमणी. म्हणाली, “बाई, आता नऊ नंबरवाल्यांच्या शिव्या खायला नकोत.”

हे काम तुझ्यामुळे झालं. शिकलीस त्याचं चीज झालं असं मी सहसा म्हणत नाही. एकदा म्हणते.

आत्या


२० मे

ती. आत्या,

नमस्कार. चार महिने पत्र नाही, रागावली असशील. पण या चार महिन्यांत एक मोठं काम हातावेगळं केलं आणि ते तुला सांगायचंच आहे.

मी सांगितलेली ती चक्की आठवते? आमच्या सिस्टिममध्ये पत्ता बनवणाऱ्या भागात जुनीच हॅश बसलेली होती. ती फुटल्याला खूप वर्षं झाली. दोन वेगळी धान्यं घालून त्यांचं हुबेहूब एकच पीठ पाडून दाखवलंय लोकांनी. तपासणीवाले दरवर्षी येतात आणि तेवढ्यावर लाल शेरा मारून जातात. पण हात कुणी लावत नव्हतं. चाललंय ना, मग कशाला घोडं उधळायचं? शेवटी मी लावला. जुनी हॅश मुळासकट काढली, नवी बसवली. ‘मुळासकट’ हा शब्द आमच्या प्रमुखांचा. त्यांना अर्धवट काम खपत नाही. जूनअखेर नवी आवृत्ती निघेल, त्यात माझं नाव असेल. बाबांना सांग. त्यांना कळणार नाही, पण सांग.

हो, एक किरकोळ. नवी आवृत्ती आली की काही यंत्रांचे पत्ते कदाचित बदललेले दिसतील. तुझ्या तंत्रज्ञाला त्या सुमारास यादीवरून नजर फिरवायला सांग. काळजीचं कारण नाही.

तब्येतीला जप. चिमणीताईंना नमस्कार.

भिंगरी


१ जून

चि. भिंगरीस,

नाव झालं, चांगलं झालं. दादाला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे नक्की काय केलं तिने?” मी म्हटलं, चक्की बदलली. तो म्हणाला, “मग एवढं शिकवायची काय गरज होती?” तुझा बाप आहे, सहन कर.

आता तुझा शेवटचा परिच्छेद. ‘काही’, ‘कदाचित’, ‘किरकोळ’, ‘नजर फिरव’. हे शब्द आमच्या कागदावर चालत नाहीत. डॉक्टरांनी ‘कदाचित अर्धी गोळी’ लिहिलं तर मी कागद परत पाठवते. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. पत्ते बदलणार असतील तर बदलणार लिही.

आमची रीत तुला सांगते. फाईलला लागलेली सूचना आपोआप मरत नाही. जिने दिली तिने तिच्यावर आडवी रेघ ओढून ‘रद्द’ लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. तोपर्यंत जुनी सूचना चालू. तुझी जानेवारीची सूचना पान सत्तेचाळीसवर आहे. रद्द करायची असेल तर तसं स्वच्छ पत्र पाठव. नाही आलं तर ती कायम आहे असं मी धरते. मेचं पत्र मागे पान त्रेपन्नला लावलं आहे, नुसतं माहितीसाठी.

वॉर्डात सध्या एक नमुना आहे. चार नंबरच्या बंद खोलीत घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. छातीत संसर्ग आहे, म्हणून दार लावून ठेवावं लागतं. वय एकाहत्तर. पलंगावर बसून भिंग डोळ्याला लावून चिमणीचं मनगटी घड्याळ खोललं त्यांनी. मॉनिटरवर त्यांचा भरवसा नाही. “बाई, जे टिकटिक करत नाही ते चालू आहे की मेलंय, कळायचं कसं?” मी म्हटलं, मेलं तर बोंब मारतं. ते म्हणाले, “कुणाजवळ?” म्हटलं, माझ्याजवळ.

पुढच्या महिन्यात घरी जातील.

आत्या


२८ जून

ती. आत्या,

घाईत दोन ओळी. तुझं पत्र मिळालं, वाचलं. आवृत्ती काल निघाली. इथे मान वर करायला फुरसत नाही. सविस्तर पुढच्या आठवड्यात लिहिते.

तुझ्या घड्याळवाल्यांना नमस्कार. माझंही एक बंद पडलंय, येईन तेव्हा आणते.

भिंगरी


१४ जुलै

भिंगरी,

चार नंबर गेले. गुरुवारी, दुपारी.

झालं ते क्रमाने लिहिते. तंत्रज्ञाने सकाळी अकरापासून मॉनिटर एकेक करून अपडेट करायला घेतले. एक मॉनिटर बंद होऊन चालू होईस्तोवर पडद्यावरचा त्याचा चौकोन करडा पडतो, हे त्याने सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. एक, दोन, तीन करडे पडले. परत आले नाहीत. चिमणीने विचारलं तर म्हणाला, “सगळे झाले की एकदमच उजळतील.” एक-दोन-तीन समोरच्या मोकळ्या हॉलमध्ये आहेत, डोळ्यांना दिसतात, म्हणून कुणी घाबरलं नाही. दीड वाजता चार नंबरचा झाला. तोही करडा पडला. तंत्रज्ञ जेवायला गेला.

दोनला ड्युटी बदलते. मी आतल्या खोलीत दुपारच्या सिस्टरना पेशंट समजावून देत होते. चिमणी काउंटरवर होती.

त्यांचा ऑक्सिजनचा मास्क सरकला. मॉनिटर दोन वाजून सहा मिनिटांपासून बोंबलत होता, ती नोंद त्याच्या स्वतःच्या पोटात आहे. दार बंद. काउंटरला काही ऐकू आलं नाही. करडा चौकोन करडाच. दोन एकतीसला चिमणी औषध घेऊन गेली. पंचवीस मिनिटं. आम्ही प्रयत्न केले. तीन वाजून दहा मिनिटांनी सोडले.

ते संध्याकाळी घरी जायचे होते, असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. अजून आठ दिवस होते.

त्यांना नेल्यावर मी चष्मा लावून चार नंबरच्या मॉनिटरसमोर उभी राहिले. वर माझी पट्टी, खाली पडद्यावर पत्ता. एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. पहिला अर्धा भाग सारखा. पुढचं एकही अक्षर जुळत नाही.

चिमणीला कामावरून थांबवलं आहे. ‘पडद्याकडे लक्ष नव्हतं’ असा शेरा. महिनाअखेर चौकशी बसते.

एका शब्दात उत्तर दे. पत्ता तुझ्या चक्कीने बदलला का?

आत्या


१९ जुलै

आत्या,

हो.

फोन नऊ वेळा केला. तू उचलणार नाहीस हे माहीत होतं, तरी केला.

ज्या यंत्रावर नवी आवृत्ती चढली त्या प्रत्येक यंत्राचा पत्ता बदलला. ‘काही’ नाही, ‘कदाचित’ नाही. धान्य तेच, पण चक्की दुसरी. पीठ दुसरंच पडणार. पत्त्याचा पहिला अर्धा भाग नेटवर्कचा असतो, म्हणून तेवढाच तुला सारखा दिसला. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि हे थांबवता येत होतं. मी त्यात एक सोय ठेवली होती. आधीपासून चालू असलेल्या यंत्राने जुन्या हॅशनेच पत्ता काढत राहायचं, नव्याने बसवलेल्या यंत्राने नव्या. चाळीस ओळी होत्या. प्रमुख म्हणाले, “घर झाडायचं आणि केराचा ढीग कोपऱ्यात ठेवायचा? ठेवायचाच असेल तर हे सगळं कामच पुढच्या आवृत्तीला घेऊ, सहा महिन्यांनी.” त्यांनी मला काढायला लावलं नाही, आत्या. त्यांनी थांब म्हटलं. मला थांबायचं नव्हतं. मला याच आवृत्तीत नाव हवं होतं. त्या ओळी मी माझ्या हाताने पुसल्या. सोबतच्या माहितीपत्रकात बेचाळिसाव्या मुद्द्यात एक वाक्य टाकलं, पत्ते बदलू शकतात म्हणून. बेचाळिसावा मुद्दा कोण वाचतं?

मग तुला लिहायला बसले. ‘तुझे बाराही पत्ते जाणार आणि ते वाचवणं माझ्या हातात होतं’ हे लिहवेना. म्हणून ‘किरकोळ’ लिहिलं. तुझं जूनचं पत्र दोनदा वाचलं. रद्द लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, का? तू नेहमी विचारतेस.

अजून एक सांगायचं राहतं, आणि ते सर्वांत वाईट आहे. ती हॅश फुटलेली होती हे खरं, पण या कामाला ती धोक्याची नव्हती. सह्या, शिक्के पडताळायला ती निकामी झाली होती. पत्ता बनवायला अजून वीस वर्षं चालली असती. लाल शेऱ्याची लाज, बाकी काही नाही. हेही मला ठाऊक होतं.

मी चौकशीला येते. सांगते सगळं. प्रमुख म्हणतात, तोंड उघडू नकोस. मी येते. फक्त हो म्हण.

भिंगरी


३ ऑगस्ट

भिंगरी,

चौकशी झाली. तू आली नाहीस ते बरं केलंस. तुझी कबुली तू दिलीस. माझी माझ्याजवळ होती.

मोठ्या डॉक्टरांनी मला आदल्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं. पान सत्तेचाळीस आणि पान त्रेपन्न, तुझी दोन्ही पत्रं समोर होती. म्हणाले, “सिस्टर, हे मेचं पत्र घरगुती दिसतं. नमस्कार, तब्येत, चक्की. सरकारी फाईलला याचं काय काम?” मी म्हटलं, ते लागलेलं आहे. ते म्हणाले, “काढता येतं. मग राहतं जानेवारीचं. कंपनीच्या माणसाने लेखी दिलं होतं, आपण विश्वास ठेवला. आपला वॉर्ड सुटला. नाहीतर काउंटरवरची बाई आहेच.”

म्हणजे एक तर तू, नाहीतर चिमणी. मला कुणी मोजतच नव्हतं.

आता ऐक. तुझ्या ‘कदाचित’चा अर्थ मला पहिल्या वाचनाला कळला होता. मी अडाणी नाही. वॉर्डात जिचे हात कापतात तिचं अक्षर मी ओळखते. तरी मी तुला रीत शिकवायला बसले. रद्द लिही, मग ऐकते. तुझी चूक तुझ्याकडूनच वदवून घ्यायची होती मला.

अपडेटच्या आदल्या दिवशी तंत्रज्ञाने फॉर्म आणला. पाचवा प्रश्न होता: ‘अपडेटनंतर यादीतील पत्ते तेच राहतील याची खात्री केली आहे काय?’ मी ‘हो’वर खूण केली. फाईल हातभर अंतरावर होती. एक मॉनिटर आधी करून पाहा, पट्टीशी पत्ता ताडून पाहा, एवढं सांगितलं असतं तरी दोन मिनिटांत कळलं असतं. मी सांगितलं नाही. रद्दचं पत्र आलं नव्हतं ना. नियमाने मी बरोबर होते.

हे मागच्या पत्रात तुला लिहिलं नव्हतं. तेव्हा मला तुझा एक शब्द हवा होता, माझा द्यायचा नव्हता.

चौकशीत मी दोन्ही पत्रं ठेवली, त्यावर तो फॉर्म ठेवला. पाचव्या प्रश्नावर बोट ठेवून सांगितलं, ही खूण माझी. बाईंचं लक्ष पडद्यावर होतं, पण पडदा मी आंधळा करून ठेवला होता. चिमणी दाराशी बसून रडत होती. तिला म्हटलं, “रडायचं तर बाहेर जा, इथे लिहून घेतायत.”

ती परवा कामावर आली. मला वॉर्डातून काढून कपड्यांच्या भांडारात टाकलं आहे, निवृत्तीपर्यंत. पाच महिने आहेत. इथे चादरी आहेत, उशांचे अभ्रे आहेत. कुणी श्वास घेत नाही.

घड्याळवाल्यांची मुलगी त्यांचं सामान न्यायला आली होती. तिने विचारलं, “बाबांनी हाक मारली असेल का?” मी खोटं बोलले नाही. मला माहीत नाही असं सांगितलं.

आत्या


२३ ऑगस्ट

ती. आत्या,

त्या चाळीस ओळी परत घातल्या. या वेळी कुणी वाद घातला नाही, एका दिवसात मंजूर झाल्या. बदल का केला ते लिहायच्या जागी मला चार नंबरबद्दल लिहायचं होतं. प्रमुखांनी खोडलं. आता तिथे इतकंच आहे: ‘जुन्या यंत्रांचे पत्ते बदलू नयेत.’ खाली माझं नाव. मला हवं होतं तसं.

सोबत जानेवारीची सूचना रद्द केल्याचं पत्र आहे. तारीख आजची घातली आहे. मागची घालायचं मनात आलं होतं, हे लपवत नाही.

तू माझ्यावर रागावली आहेस का, हे विचारायचा धीर होत नाही. पण विचारते. आणि मी आले तर चालेल का?

भिंगरी


५ सप्टेंबर

चि. भिंगरी,

रद्दचं पत्र मिळालं. फाईल आता माझ्या ताब्यात नाही, म्हणून ते चिमणीकडे दिलं. तिने पान सत्तेचाळीस काढलं, तुझ्या ‘कायम’वर पट्टी धरून आडवी रेघ मारली, वर ‘रद्द’ लिहिलं आणि तुझं पत्र शेजारी लावलं. हात कापत नव्हता तिचा. चांगली इन्चार्ज होईल.

रागावले आहे का? हो. तुझ्यावर आहे, माझ्यावर आहे, आणि हा राग जाईल असं मला वाटत नाही. पण तू दादाची मुलगी आहेस. रागावलेल्या आत्याच्या घरीही जेवायला मिळतं. ये.

आलीस की आधी वॉर्डात जायचं. मी चिमणीला सांगून ठेवलं आहे. चार नंबर सध्या रिकामा आहे. ती आत मॉनिटरचा अलार्म चालू करून दार लावील. तू काउंटरपाशी, चिमणीच्या खुर्चीत बसायचं आणि ऐकायचं.

ऐकू येत नाही. बारा पावलं आहेत फक्त. भांडारातून दुपारी सुटले की मी रोज जाऊन बसते. ड्युटी बदलताना ऐकू येत नाही, रिकाम्या वेळी नाही, पंख्याचा आवाज नसतानाही नाही. या वेळी स्वतः तपासलं आहे.

आत्या